"दोनच रुपये तर आहेत, जाऊन जाऊन किती जाणार?" : पेनी शेअर घ्यावेत की नाही?

ताळेबंद :
शीर्षकातल्या वाक्यावर एकदा नीट वाद होऊ द्या, म्हणून हा धागा. माझी बाजू आधीच सांगतो. भाव पडतो ते एक वेळ परवडले, पण विकायला गेल्यावर घेणाराच नसतो, पेनी शेअरची खरी गोम तिथे आहे.

आधी भाव आणि स्वस्ताई यांची फारकत करू. एप्रिल २०२४ मध्ये व्होडाफोन आयडियाने ११ रुपयांनी एफपीओ (आधीच नोंदलेल्या कंपनीची नव्या शेअरची जाहीर विक्री) आणला, आणि तो होता १८,००० कोटींचा. भाव पेनीचा, कंपनी अवाढव्य. म्हणून इथे पेनी म्हणताना तीन गोष्टी एकत्र धरू: भाव १०-२० रुपयांच्या खाली, बाजारमूल्य शे-दोनशे कोटींच्या आत आणि रोजची उलाढाल जेमतेम काही लाखांची.

आता हिशेब. घेणाऱ्याचा सर्वात वरचा भाव १.९० आणि विकणाऱ्याचा सर्वात खालचा २.०० असेल, तर घेतल्याक्षणी ५ टक्के गेले. नुसते मुद्दलावर यायला घेणाऱ्यांचा भाव सव्वापाच टक्के चढावा लागतो. शिवाय डिलिव्हरीवर खरेदी-विक्री दोन्हीला ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर. विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचे शुल्क), तो ठोक, कंपनीमागे. १५ रुपये धरला तर दोन हजारांच्या विक्रीवर पाऊण टक्का. थोडे थोडे करून वीस कंपन्या घेणाऱ्याला तो वीस वेळा बसतो.

मग सर्किट, म्हणजे भाव एका दिवसात किती वर-खाली जाऊ शकतो त्याची बाजाराने घातलेली मर्यादा. ५ टक्क्यांची मर्यादा असलेला शेअर सलग १५ सत्रे वरच्या सर्किटला लागला की दुप्पट होतो, आणि १४ सत्रे खालच्या सर्किटला लागला की निम्मा. वर जाताना तो तुम्हाला मिळत नाही, खाली येताना तुमच्याकडचा कुणी घेत नाही. मध्ये एखाद्या दिवशी सर्किट उघडते आणि हवा तेवढा माल मिळतो. तो दिवस कुणाच्या सोयीचा असतो?

सर्किटस्वार :
सपशेल असहमत. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष एकतर्फी. सुझलॉन मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबर २०२४ मध्ये ८० च्या वर. चाळीस पट. असा एक लागला तर बाकीचे एकोणीस शून्य झाले तरी चालते. तोट्याला शंभर टक्क्यांची सीमा आहे, नफ्याला नाही. एकूण भांडवलाच्या २-३ टक्के रक्कम वीस ठिकाणी वाटली तर कुणाचे घर बुडत नाही. मोठ्या कंपन्यांवर शेकडो विश्लेषक बसलेले असतात, इथे कुणी फिरकत नाही. अहवाल वाचायची तयारी असलेल्याला फायदा मिळाला तर इथेच मिळेल.

रोखठोक :
स्वारसाहेब, सुझलॉन तुमच्या बाजूचा साक्षीदार नाही. भाव पडला तेव्हाही पवनचक्क्या उभ्या होत्या, देखभालीची कंत्राटे चालू होती आणि शेअर दोन्ही बाजारांत प्रचंड प्रमाणात फिरत होता. धाग्यातल्या तीन अटींपैकी फक्त पहिली लागू पडते. आणि कंपनी सावरली कशी? बँकांनी कर्जाची पुनर्रचना केली, २०२२ च्या ऑक्टोबरात ५ रुपयांनी १,२०० कोटींचा राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांना नवे शेअर) आला, २०२३ मध्ये १७.५५ ने २,००० कोटींचा क्यूआयपी (बड्या संस्थांना थेट शेअरविक्री). शेअरची संख्या दुपटीहून जास्त झाली. इतके पैसे घालायला कुणी तयार असणे हीच तिची ताकद होती. १२० कोटींच्या, विजेचे बिलही नीट न भरणाऱ्या कंपनीसाठी कोण येणार?

दिवाळखोरीत गेलेली गृहकर्ज कंपनी डीएचएफएलही बघा. जून २०२१ मध्ये ती ताब्यात घेण्याच्या पिरामलच्या योजनेला मंजुरी मिळाली आणि जुन्या भागधारकांच्या हाती शून्य आले. योजनेत तसे आधीपासून लिहिलेले होते. तरी शेवटच्या दिवसांत लोक १५-२० रुपयांनी घेतच होते. दिवाळखोरी प्रक्रियेतला शेअर घेण्यापूर्वी योजनेतला 'भागधारकांना काय' हा एक परिच्छेद वाचायला पाच मिनिटे लागतात.

सर्किटस्वार :
डीएचएफएल मान्य. मग रुची सोया? तीही दिवाळखोरीतूनच आली. जानेवारी २०२० मध्ये १७ रुपयांच्या आसपास पुन्हा नोंदली गेली, जूनअखेर १,५०० पार. आणि एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स! ३.५३ रुपयांवरून २९ ऑक्टोबर २०२४ ला एका दिवसात २,३६,२५०.

रोखठोक :
दोन्ही उदाहरणे माझ्या पथ्यावर पडली. रुची सोयाच्या जुन्या भागधारकाला १०० शेअरमागे १ मिळाला होता. पुन्हा नोंदणी झाली तेव्हा जवळपास ९९ टक्के शेअर प्रवर्तकांकडे होते, जनतेकडे जेमतेम एक टक्का. विकायला माल नाही म्हटल्यावर भाव कुठेही नेता येतो. तो भाव कंपनीचे मूल्य सांगत नव्हता, टंचाई सांगत होता.

एल्सिडचे एकूण शेअरच दोन लाख. पोटात एशियन पेंट्सचा मोठा हिस्सा, त्यामुळे एकेका शेअरमागचे पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारे) लाखांत. ३.५३ ला विकायला कुणी तयारच नव्हते. बाजाराची नियामक संस्था सेबीने होल्डिंग कंपन्यांसाठी (दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसलेल्या) खास लिलाव ठेवला तेव्हा कुठे भाव निघाला. ३.५३ ला घेऊन श्रीमंत झालेला माणूस शोधून दाखवा.

शंकेखोर :
दोघांचेही पटते आहे, हीच अडचण. एक व्यावहारिक प्रश्न: भाव मुद्दाम चढवला जातोय हे बाहेरून, फुकट मिळणाऱ्या माहितीवरून ओळखता येते का?

ताळेबंद :
बऱ्याच अंशी येते. ऑपरेटरचा, म्हणजे ठरवून भाव चढवणाऱ्याचा, खेळ साधारण असा चालतो. आधी महिनोन्‌महिने कमी उलाढालीत माल गोळा होतो, किंवा प्रेफरेन्शियल इश्यूतून (निवडक लोकांना थेट दिलेले नवे शेअर) स्वस्तात मिळवला जातो. मग आपापसात खरेदी-विक्री करून उलाढाल आणि भाव चढवला जातो. त्यानंतर टेलिग्राम, यूट्यूब, एसएमएस. शेवटी सर्किट उघडते आणि सगळा माल नवख्यांच्या गळ्यात.

साधना ब्रॉडकास्टचे उदाहरण सेबीच्या मार्च २०२३ च्या आदेशात आहे. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर कंपनीबद्दल खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, आणि छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. त्याच काळात प्रवर्तक आणि काही बडे धारक विकत होते.

म्हणून मी पहिला कागद बघतो तो भागधारणेचा तक्ता. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. प्रवर्तकांचा टक्का घटतोय आणि छोट्या भागधारकांची संख्या उड्या मारतेय, असे एकत्र दिसले की पुढचे वाचायची गरज नाही. तारण ठेवलेल्या शेअरचा रकाना तिथेच असतो.

दुसरे, प्रेफरेन्शियल इश्यूची तारीख. प्रवर्तकेतरांना दिलेल्या शेअरवर व्यवहाराची मंजुरी मिळाल्यापासून सहा महिने लॉक-इन, म्हणजे विक्रीबंदी, असते. ती तारीख कॅलेंडरवर मांडा. कथा जोरात आणि लॉक-इन सुटायला पंधरा दिवस, हा योगायोग फार वेळा जुळतो. वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) असतील तर आणखी सावध: २५ टक्के आधी भरून उरलेल्यासाठी १८ महिने मिळतात, म्हणजे घेणाऱ्याला जवळजवळ फुकटचा ऑप्शन, हवे तर घ्या, नको तर सोडा.

तिसरे, नफा आणि रोख यांची गाठ. विक्री वाढतेय, नफा दिसतोय, पण येणी त्याहून वेगाने फुगतायत आणि कामकाजातला रोख प्रवाह तीन वर्षे उणे, तर तो नफा कागदावरच आहे. लेखापरीक्षक मध्येच राजीनामा देऊन गेला असेल तर कारण वाचा. 'वैयक्तिक कारण' लिहिले असेल तर दोनदा वाचा.

भाव कमी दिसावा म्हणून केलेले स्प्लिट आणि बोनस यांवर वेगळे लिहीत नाही. पोळीचे तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही.

सर्किटस्वार :
ही यादी उत्तम. मीही जवळपास हीच चाळणी लावतो, आणि म्हणूनच म्हणतो की सरसकट 'शिरू नका' हा सल्ला आळशी आहे. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही: छोट्या गुंतवणूकदाराला अडकवण्यात देखरेखीच्या नियमांचाही हात आहे. जीएसएम, एएसएम, ईएसएम, ही बाजारांच्या देखरेखीच्या याद्यांची नावे. शेअर टी-टू-टी मध्ये टाकला की इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणे) बंद, डिलिव्हरी सक्तीची. जीएसएमच्या वरच्या टप्प्यांत व्यवहार आठवड्यातून एकदाच, आणि घेणाऱ्याकडून किमतीखेरीज वेगळी बिनव्याजी ठेव. मग घेणार कोण? ऑगस्ट २०१७ मध्ये शेल (नुसत्या कागदावरच्या) कंपन्या असल्याच्या संशयावरून ३३१ कंपन्यांवर एका फटक्यात निर्बंध आले, महिन्यातून एकच दिवस व्यवहार. त्यातल्या काहींना सॅटमधून (सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणारे न्यायाधिकरण) स्थगिती मिळाली, म्हणजे यादी बिनचूक नव्हती. ऑपरेटर कधीच बाहेर पडलेला असतो, कुलूप लागते ते आत राहिलेल्याला.

रोखठोक :
इथे तुमच्याशी अंशतः सहमत. २०१७ ची कारवाई घाईची होती. पण याद्या रोज जाहीर होतात, ब्रोकरच्या पडद्यावरही बहुतेक ठिकाणी इशारा येतो. २०२३ मध्ये ईएसएम आले तेच मुळी ५०० कोटींच्या आतल्या कंपन्यांसाठी. म्हणजे पेनी घेतानाच हे गृहीत धरायला हवे की आज नाही तर उद्या आपला शेअर यादीत जाणार. भाव झपाट्याने चढणे हाच तर यादीत जाण्याचा एक निकष आहे! तुमचा चाळीस पटवाला शेअर वाटेत एकदा तरी अडवला जाणारच.

आणि किती घ्यायचे, हे भांडवलाच्या टक्क्यांवर ठरवू नका, उलाढालीवर ठरवा. भाव ४ रुपये, रोज सरासरी ४०,००० शेअर फिरतात. उलाढालीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त विकायला गेलात तर भाव तुम्हीच पाडाल. म्हणजे दिवसाला ४,०००, पाच दिवसांत २०,०००, एकूण ८०,००० रुपये. ही झाली कमाल. सरासरीऐवजी गेल्या तीन महिन्यांतले सर्वात मंद दहा दिवस घ्या, आकडा निम्म्याच्याही खाली येतो. पडझडीत उलाढाल तशीच असते.

खर्डेघाशा :
कराची बाजू राहिली. २०१८ पूर्वी शेअरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता, त्यामुळे काळा पैसा पांढरा करायला पेनी शेअर सर्रास वापरले गेले. आयकर खात्याने असे नफे आयकर कायद्याच्या कलम ६८ खाली 'स्रोताचे समाधानकारक स्पष्टीकरण नसलेली जमा' ठरवले, त्या वेळच्या दराने अधिभार-उपकरासह ७८ टक्के कर. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुरावा ग्राह्य धरून खात्याच्या बाजूने निकाल दिला. प्रामाणिक धारकही अशा चौकशीत ओढला जातो. म्हणून काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरची व्यवहाराची पावती), बँकेचा उतारा, डीमॅटचे विवरण आणि घेतेवेळी कोणत्या आकड्यांवर निर्णय घेतला त्याचे टिपण जपून ठेवा. ऑफ-मार्केट म्हणजे बाजाराबाहेर, रोखीने, ओळखीच्याकडून घेतलेले शेअर तर नकोच.

तोट्याचेही ऐका. भाव पाच पैसे झाला म्हणून तोटा धरता येत नाही, विक्री व्हावी लागते. विवरणपत्र मुदतीत भरले तर तो आठ वर्षे पुढे ओढता येतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो, तेव्हा विकायचेच असेल तर बारा महिने पुरे होण्याआधी.

शंकेखोर :
आणि आधीच खालच्या सर्किटला अडकलेल्याने काय करावे? स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्रीची ऑर्डर) लावून ठेवला तर?

ताळेबंद :
स्टॉपलॉस फक्त ऑर्डर बाजारात पाठवतो, समोर घेणारा उभा करत नाही. करायचे ते असे: ऑर्डर खालच्या सर्किटच्या नेमक्या भावाला लावा, एक पैसा वर नको. सगळ्यांचा भाव तोच असल्याने क्रम वेळेवर ठरतो. ऑर्डर संध्याकाळी रद्द होते, रोज नव्याने लावावी लागते. जीटीटीने (ठरलेला भाव आला की ऑर्डर पाठवणारी ब्रोकरची सोय) रांगेतली जागा राखली जात नाही. कंपनी दोन्ही बाजारांत असेल तर दुसरीकडची घेणाऱ्यांची रांग बघा, कधीकधी तिथे थोडे खपतात. अर्धवट विकले गेले तर उरलेल्यासाठी भाव वाढवून बसू नका. आणि एखाद्या दिवशी सर्किट अचानक उघडून मोठी उलाढाल झाली, तर 'आता वळला' म्हणून आणखी घेऊन खरेदीची सरासरी खाली आणू नका, त्याच दिवशी निघा.

सर्किटस्वार :
निघायचे ते कंपनी वाईट असेल तर. चांगली असेल आणि नुसती यादीत गेली म्हणून सर्किट लागले असेल, तर मी त्याच उघडलेल्या दिवशी घेणाऱ्यांच्या रांगेत असेन. तुमचा माल कुणीतरी घ्यायला हवा ना!