आईचं कोलेस्टेरॉल वाढलंय, ज्वारीची भाकरी खाऊनपण फायबर कमी पडतं का?

सोलापुरी_पोरगा
नमस्कार मंडळी. आई 61 वर्षांची, परवा रिपोर्ट आला, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 148. डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, तीन महिने खाण्यात सोल्युबल म्हणजे पाण्यात विरघळणारं फायबर वाढवा मग परत रक्त तपासू. आता आमच्या घरी दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी असते, मंगळवेढ्याची मालदांडी, त्यामुळं आई म्हणते की आणि किती फायबर खाऊ रे. बहिणीनं ओट्सचं पाकीट आणून दिलं तर एक दिवस खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी सरळ म्हणाली हे लापशी पण नाही अन् खीर पण नाही. घरच्याच जेवणात काय बदल करता येईल? सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी चालू आहे तिची, आणि दात थोडे कमकुवत आहेत.

पेठेतली_ताई
दादा, भाकरी अजिबात बंद करू नका, पण एक गोष्ट आईंना नीट समजावून सांगा. ज्वारीतलं फायबर बहुतेक न विरघळणारं असतं. त्यानं पोट साफ राहतं, ते चांगलंच आहे, पण कोलेस्टेरॉलवर काम करतं ते पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारं फायबर. मेथीदाणे रात्री भिजत घाला आणि सकाळी बोटानं चोळून बघा, जो चिकट तार सुटतो ना, तेच ते.

ते काम कसं करतं तर आपलं लिव्हर कोलेस्टेरॉल वापरून पित्तरस बनवतं, तो आतड्यात येऊन तेलतुपाचं पचन करतो आणि बराचसा परत शोषला जाऊन लिव्हरकडं जातो. हा चिकट गर त्या पित्ताला अडकवतो आणि शौचावाटे बाहेर घेऊन जातो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. नियमित घेतलं तर एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरू शकतं. म्हणजे चमत्कार नाही, पण आईंचा आकडा बघता ही उतरण महत्त्वाची आहे. शिवाय जेवणानंतर साखर एकदम चढत नाही, हा फायदा शुगरवाल्यांना जास्त.

चटणीवाली_काकू
आमच्याकडं शेंगाचटणीशिवाय ताट होत नाही हे मान्य, पण तिच्या जोडीला जवसाची चटणी ठेव बाळा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार झाले की लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटायचे. अख्खे जवस खाऊन उपयोग नाही, ते तसेच बाहेर पडतात, आणि आईचे दात कमकुवत म्हणतोस तर बारीकच कर. एकदम डबाभर करू नको, कुटलेले जवस लवकर खवट होतात, आठवड्यापुरतीच कर.

आणि हुलग्याचं माडगं कर रे, थंडीत तर आईला आवडेलच. मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ सगळ्यात थोडं थोडं हे फायबर असतंय. आता पातळ वरणाऐवजी जरा घट्ट आमटी वाढायची आणि भाकरी एक असेल तर आमटी दोन वाट्या, असं उलटं कर की. भेंडीची बुळबुळ घालवायला लोक किती धडपडतात, पण ती बुळबुळच कामाची आहे. पेरू पिकलेला मऊ बघून दे, सोलून नाही, सालासकट.

जिमवाला_सोलापूर
ओट्स नको असतील तर बार्ली बघा. ओट्स आणि बार्ली दोन्हीत बीटा-ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं आणि कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन हा आकडा धरतात, अमेरिकेत 1997 पासून ओट्सच्या पाकिटावर हा दावा छापायला परवानगी आहे. 3 ग्रॅम म्हणजे कोरडे ओट्स साधारण 75 ग्रॅम लागतात, ते रोज आईंना जमणार नाही हे उघड आहे. त्यापेक्षा ज्वारीच्या पिठात थोडं बार्लीचं पीठ मिसळून भाकरी करा, नाहीतर भाजीच्या सूपमध्ये बार्ली शिजवा. आणि ते मसाला ओट्सवालं पाकीट असेल तर त्यातलं मीठ बघा आधी.

पेठेतली_ताई
इसबगोलाचं राहिलंच. डॉक्टरांना विचारून सुरू करता येईल, कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला साधारण 10 ग्रॅमपर्यंत देतात, पण सुरुवात एका छोट्या चमच्यानं करा आणि मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. कोरडा भुसा तोंडात टाकून वरून घोटभर पाणी असं कधीच नको, तो घशात फुगतो, आमच्या ओळखीतल्या एका आजोबांचा असाच ठसका लागून जीव घाबरा झाला होता.

थायरॉईडची गोळी आधी, आणि इसबगोल किंवा मेथीचं पाणी त्यानंतर काही तासांनी, किती ते डॉक्टरांकडूनच ठरवा, कारण हा गर गोळीचं शोषण कमी करू शकतो. यापेक्षा सोपं म्हणजे इसबगोल संध्याकाळी द्या. किडनीचा त्रास किंवा गिळायला अडचण असेल तर आधी विचारल्याशिवाय नकोच.

सोलापुरी_पोरगा
खूप खूप आभार ताई, काकू आणि दादा. आई जवसाच्या चटणीला लगेच तयार झाली, माडग्याचं नाव काढल्यावर तर स्वतःच हुलगे निवडायला बसली. सगळं एकदम सुरू केलं तर पोट फुगेल का?

चटणीवाली_काकू
हो फुगतंय, गॅस होतो. या आठवड्यात चटणी आणि घट्ट आमटी, पुढच्या आठवड्यात पेरू आणि भेंडी, मग बाकीचं. पाणी दिवसभर वाढव, आपल्या उन्हात तर हयगय नकोच. हुलगे रात्रभर भिजवून ते पाणी ओतून टाकून शिजव, त्रास कमी होतो. रिपोर्ट आला की इथं टाक.