थंड हवेत लिंबूवर्गीय झाड बाहेर जमिनीत जगतं का?

लिंबूटिंबू:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे हिवाळ्यात पारा उणे ६-७ पर्यंत उतरतो, रोज नाही पण काही रात्री हमखास, आणि उन्हाळाही जेमतेमच. कुंडीतलं लिंबू दर थंडीत आत न्या मग परत बाहेर काढा याचा वैताग आलाय, कुंडी आता एकटीला हलतसुद्धा नाही, म्हणून एखादं झाड कायमचं जमिनीत लावायचं मनात आहे. नेटवर एक जण म्हणतो उणे १० आरामात सोसतं, दुसरा म्हणतो शून्याखाली गेलं की खेळ खल्लास. खरं कोणाचं? आणि बियांचं रोप चालेल की कलमच हवं?

खुरपंबहाद्दर:
ताई, दोघंही खरंच बोलतायत, फक्त वेगवेगळ्या झाडांबद्दल. कागदी लिंबू सगळ्यात नाजूक, उणे १-२ ला मान टाकतं. मोठं पिवळं लेमन उणे ३-४, मेयर लेमन त्याच्यापेक्षा जरा काटक. सात्सुमा संत्रं चांगलं मुरलेलं झाड असेल तर उणे ७-८ काढतं, युझू (जपानकडचं आंबट, वासाचं लिंबूवर्गीय फळ) उणे १० च्या आसपास. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे ट्रायफोलिएट, तीन-तीन पानांचं, हे लांब काटे, हिवाळ्यात चक्क पानं गाळून झोपतं आणि उणे २० सुद्धा पचवतं, पण फळ कडूजहर.

ते खाण्यासाठी लावायचंच नाही, त्याचा खुंट वापरायचा, म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग. ट्रायफोलिएटवर बांधलेली सात्सुमाची कलम थंडी लागताच वाढ लवकर थांबवते म्हणून वाचते, तीच कलम जंभेरीवर (खडबडीत सालीचं लिंबू, याचाही खुंट वापरतात) बांधलेली असेल तर थंडीतही कोवळी पालवी फोडत बसते आणि एका रात्रीत काळी पडते. म्हणून कलम घेताना जात विचारता तसा खुंटही विचारा. बियांपासून केलं तर फळ दिसायलाच कित्येक वर्षं जातात, त्या फंदात पडू नका.

अजून एक, ते आकडे थंडीला हळूहळू सरावलेल्या मोठ्या झाडाचे आहेत. उबदार हवेनंतर अचानक पारा पडला तर उणे ४ पण पुरे होतं. उन्हाळा उतरायला लागला की नत्राचं खत बंद करा, नाहीतर कोवळी पालवी फुटत राहते.

सावलीतली_कुंडी:
झाड जगेल हो, फळाचं काय? १३ अंशांच्या खाली ही झाडं जवळपास वाढतच नाहीत, त्यामुळे उन्हाळा जेमतेम असेल तर लेमन हिरवंच लटकून राहतं, मग थंडी येते आणि साधारण उणे २ च्या खाली फळ आतून गोठतं. सात्सुमा लवकर तयार होतं म्हणून तेच घ्या, किंवा युझू, त्याची हिरवी फळंही सालीच्या वासासाठी वापरतात. जागा दगडी किंवा विटांच्या भिंतीला लागून, दक्षिणेकडे तोंड असलेली (विषुववृत्ताच्या खाली राहत असाल तर उत्तरेकडे). इटलीत गार्दा तलावाकाठी शेकडो वर्षं याच पद्धतीने लिंबं काढली, मागे उंच भिंत, पुढे दगडी खांब आणि हिवाळ्यात वर फळ्या नि काचा.

आळशी_माळी:
बुडाशी जाड पालापाचोळा घाला, मुळं ऊबदार राहतात.

खुरपंबहाद्दर:
@आळशी_माळी इथे उलटं आहे दादा. दिवसा मातीने ऊन प्यायला हवं म्हणजे रात्री ती ऊब वर सोडते, पालापाचोळा मध्ये आला की झाडाला काही मिळत नाही. कडाक्याच्या आधी माती मोकळी आणि ओलसर ठेवा, चिखल नको. कलमाच्या जोडावर मात्र मातीचा ढीग करा, वरचं सगळं गेलं तरी जोडाच्या वरून फूट येते. थंडी सरली की तो ढीग काढायला विसरू नका, नाहीतर साल कुजते.

आणि झाकायचं तर कापड पार जमिनीपर्यंत सोडायचं. बरेच जण खोडाभोवती आवळून बांधतात, मग खालून येणारी ऊब बाहेरच राहते. आत जुना तारेचा बल्ब लावला तर अजून बरं, एलईडी नुसता उजेड देतो.

लिंबूटिंबू:
वा, बरंच कळलं, मग सात्सुमा, ट्रायफोलिएट खुंटावर. एक राहिलं, एवढं करूनही फांद्या करपल्या तर लगेच छाटायच्या का?

सावलीतली_कुंडी:
अजिबात नाही. करपलेल्या दिसल्या तरी वसंतात नवी फूट येईपर्यंत कात्री बाजूला. नखाने साल जरा खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. आणि फूट तीन-तीन पानांची, जोडाच्या खालून येत असेल तर तो खुंटाचा फुटवा, तो मात्र दिसला की काढून टाका.