तिच्या गालावरचा तो एक काळा डाग

रिकामटेकडी (धागाकर्ती)

तापाने आठवडाभर अंथरुणात होते. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून जुने-नवे सिनेमे आणि मालिका बघत सुटले. योगायोगाने लागोपाठ तीन गोष्टींमध्ये बाई मेकॅनिक निघाली आणि तिसऱ्या वेळी मी आपसूकच तिच्या चेहऱ्यावरचा डाग शोधायला लागले. सापडला! गालाच्या हाडावर, बोटभर, तीट लावावी तसा.

ज्याने आयुष्यात एकदा तरी इंजिन ऑइल बदललंय त्याला विचारा, काळं कुठे होतं ते. नखांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपरावर, आणि मग घरभर जिथे जिथे हात लावाल तिथे. गालाची पाळी सगळ्यात शेवटी येते. पण पडद्यावर हात स्वच्छ, नखं स्वच्छ, डाग फक्त गालावर. म्हणजे तो ग्रीसचा डाग नाहीच, मेकअप आहे.

माझ्या तक्रारी तीन.

पहिली कॅमेऱ्याची. 'ट्रान्सफॉर्मर्स'मध्ये (२००७) मिकाएला बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडते. डिस्ट्रिब्युटरची कॅप सैल झालीय हे तिला बघता बघता कळतं. मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळणारी मुलगी आवडत नाही म्हणून हे ज्ञान ती मिरवत नाही, हेही ती सांगते. संवाद चांगला आहे हो. पण त्या वेळी कॅमेरा इंजिनाकडे बघतच नाही, तिच्या उघड्या पोटाकडे बघतो.

दुसरी बापाची. मिकाएलाला गाड्या शिकवल्या बापाने. 'बम्बलबी'तली (२०१८) चार्ली गेलेल्या बापाची कॉर्व्हेट एकटीने दुरुस्त करत बसलेली. 'अटलांटिस'मधल्या (२००१) ऑड्रीच्या बापाला मुलगे हवे होते, एक वर्कशॉप चालवायला आणि एक बॉक्सिंगला. झाल्या दोन मुली. लहानपणी टीव्हीवर बघितलेली 'रेस्क्यू रेंजर्स'मधली गॅजेट आठवते? तिचाही बाप वैमानिक आणि तोही वारलेला. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर पालकांची सही लागायची तशी या बायांच्या हुनरावर बापाची सही लागते.

तिसरी तक्रार माझ्या लाडक्या पात्राबद्दल आहे, त्यामुळे जपून लिहिते. 'फायरफ्लाय' या अंतराळयानाच्या मालिकेतली (२००२) केली. ती म्हणते, यंत्रं तिच्याशी बोलतात. तिला नोकरी कशी लागते आठवा: आधीचा मेकॅनिक म्हणतो हे यान उडणार नाही, आणि ही त्याच्यासोबत लोळायला आलेली पोरगी उठून एक भाग काढून टाकते, म्हणते याची गरजच नव्हती. झालं, यान चालू! केली गोड आहे, पण ती कुठे शिकली, किती बोल्टचे आटे घालवले, कोणाची बोलणी खाल्ली, काही नाही. देवाघरचं देणं.

थोडक्यात, बाई मेकॅनिक पडद्यावर आलीय, तिचं काम अजून आलेलं नाही. बोला.

तिरकस

असहमत. पुरुष मेकॅनिकचं काम तरी कुठे दाखवतात? 'चलती का नाम गाड़ी' (१९५८) घ्या. पावसाळी रात्र, बंद पडलेली गाडी, भिजलेली मधुबाला आणि गॅरेजमध्ये किशोरकुमार. त्या गाडीला नेमकं काय झालं होतं हे कोणाला आठवतंय का? आठवतो तो पान्याचा ठेका आणि राहिलेले पाच रुपये बारा आणे. गोष्टीत दुरुस्ती हा बहाणाच असतो, पुरुषाची असो की बाईची.

आणि बापाचं म्हणाल तर कसब घराण्यातच चालत आलेलं आहे. सुताराची पोरं रंध्यावरच वाढतात. यात कट कसला?

रिकामटेकडी

अहो तिरकस, तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. त्या सिनेमात तीन भावांचं गॅरेज आहे. ते कुठे शिकले हे कोणी विचारतं का? नाही, कारण पुरुष आहेत, येतच असणार. खुलासा फक्त बाईकडून मागतात. आणि त्या सिनेमातली बाई कुठे आहे? गिऱ्हाईक.

दहाचा पाना

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवेना. मी बारा वर्षं हेच काम करते.

रिकामटेकडी, तुमची तिसरी तक्रार मला पटली नाही. यंत्र बोलतं, हे कवित्व नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. बेअरिंग गेलं असेल तर घरघर नेमकी कुठून येते ते कळतं. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या वेगाने येते, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. गाडी गिअरमध्ये असताना आवाज बदलतो की क्लच दाबल्यावर, यावरून अर्धं निदान होतं. केली ऐकते ते बरोबरच आहे. फक्त ऐकायला शिकायला वर्षं जातात, ती दाखवली नाहीत, एवढं म्हणा.

माझं डोकं दुसऱ्याच गोष्टींनी फिरतं. मोकळे सोडलेले केस, समोर फिरणारा पट्टा. बोटात अंगठी. बॅटरीच्या प्लसला पाना लावलाय आणि अंगठी पान्याला आणि बॉडीला एकदम टेकली की ती लाल होते, बोटातल्या बोटात. आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिली सूचना हीच असते, अंगठी काढ.

आणि सिनेमात कुठलाच बोल्ट कधी गंजलेला नसतो. खरं काम काय असतं सांगू? तेल मारा, थांबा. पुन्हा मारा, दुसरं काम करा. मग पान्याला पाइप लावून रेटा. नाहीच हलला तर नट तापवा. इतकं करून बोल्टचं डोकं तुटून हातात आलं की जो शब्द तोंडातून निघतो तो कुठल्याच नायिकेच्या तोंडी मी ऐकलेला नाही.

गोष्ट लिहिणाऱ्यांना वाटतं या कामाला ताकद लागते. म्हणून एकतर बाई पैलवान दाखवतात, नाहीतर मुद्दाम चिमुरडी, म्हणजे लोकांना नवल वाटावं. अहो, ताकद नाही, पाइपची लांबी लागते.

चिमटा

दहाचा पाना यांना दंडवत. (तुमचा तो दहाचा पाना सापडला का शेवटी? आमचा तर कायमच हरवलेला असतो.)

निळी शाई

धाग्यात मोना लिसा व्हिटोचं नाव अजून कसं आलं नाही? 'माय कझिन व्हिनी', १९९२. गालावर डाग नाही, डांगरी नाही. कोर्टात साक्षीला उभी आहे, पोशाख भडक आणि तोरा त्याहून भडक. धंदा केस कापण्याचा, पण घरात सगळे मेकॅनिक. सरकारी वकील तिला आपटायला अवघड प्रश्न टाकतो: १९५५ च्या शेव्हरोले बेल एअरला ३२७ घनइंचांचं इंजिन आणि चार बॅरलचा कार्ब्युरेटर असेल तर इग्निशन टायमिंग किती? ती म्हणते प्रश्नच चुकीचा आहे, कारण ३२७ आलंच १९६२ साली, आणि चार बॅरलवालं बेल एअरमध्ये मिळायला लागलं १९६४ पासून.

पण खरी मजा पुढे आहे. टायरच्या खुणांचा फोटो बघून ती आरोपींची गाडी सोडवते. दोन्ही चाकांनी सारख्याच खुणा सोडल्यात, म्हणजे डिफरेन्शियल लिमिटेड स्लिप हवा (एक चाक नुसतं फिरत न राहता दोन्ही चाकांना जोर पोचवणारा). डावं चाक काठावर चढलंय, तरी उजव्याची खूण सपाट आहे. मागचा अ‍ॅक्सल एकसंध असता तर उजवं चाक तिरकं होऊन कडेवर चाललं असतं. म्हणजे मागच्या दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगवेगळं. आरोपींच्या १९६४ च्या ब्युइक स्कायलार्कमध्ये हे दोन्ही नव्हतं, १९६३ च्या पाँटिअ‍ॅक टेम्पेस्टमध्ये होतं. रिकामटेकडी, काम पडद्यावर नाही म्हणता, हे काय आहे मग? पाना हातात न घेता बाई काम करतेय आणि आपण श्वास रोखून बघतोय. ही भूमिका करणाऱ्या मरिसा टोमेला ऑस्कर मिळालं ते यासाठी.

चिमटा

दृश्य भारीच आहे, पण त्यातली गंमत कशावर उभी आहे? 'अशा नखरेल बाईला हे माहीत?' या धक्क्यावर. तिच्या जागी डांगरीतला पुरुष असता तर तेच ज्ञान, तेच बोलणं, आणि प्रेक्षक जांभया देतात.

निळी शाई

धक्का बसतो वकिलाला, हसतो आपण वकिलाला. ती चुकूनही आपली चेष्टा होऊ देत नाही. विनोद कोणाच्या खर्चाने होतो ते बघा ना. मिकाएलाच्या दृश्यात तेच ज्ञान तिच्या खर्चाने वापरलंय.

चिमटा

हं. हे मान्य.

पानपूरक

थोडं अवांतर. गोष्टींपेक्षा खऱ्या बाया जास्त रंगतदार आहेत. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन निघाली, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती हॅटच्या पिनने मोकळी केली, विजेच्या तारेचं आवरण झिजलं तिथे मोज्याचा गार्टर गुंडाळला.

दुसरी बिअ‍ॅट्रिस शिलिंग. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं मर्लिन इंजिन नाक खाली करून सूर मारताना बंद पडायचं, कारण कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळून भलतीकडे जायचं. जर्मन इंजिनांत थेट इंजेक्शन असल्याने त्यांना हा त्रास नव्हता. या बाईंनी मधोमध भोक असलेली छोटीशी चकती बनवली. जरुरीपुरतंच पेट्रोल पुढे जाईल एवढं भोक. १९४१ च्या सुरुवातीला त्या चकत्या विमानतळांवर जाऊन बसवल्या गेल्या. शिवाय बाई ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायच्या, ताशी शंभर मैलांच्या वर. यावर कोणी सिनेमा लिहा की!

रिकामटेकडी

पानपूरक, अवांतर नाही, नेमकं आहे. बर्थाची गोष्ट जो तो सांगतो, पण काय सांगतो? हॅटची पिन आणि गार्टर. म्हणजे बायकी सामान. त्याच प्रवासात ब्रेक झिजले म्हणून तिने चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. गाडीच्या दृष्टीने ते सगळ्यात मोलाचं, ब्रेक लायनिंगची सुरुवातच. तो भाग गोष्टीत आला तर येतो, नाहीतर गळतो. खऱ्या बाईच्याही गालावर आपण तीट लावतोच.

आणि शिलिंगबाईंच्या चकतीला हवाई दलात जे टोपणनाव पडलं ते इथे लिहीत नाही. चावट होतं, एवढंच.

तिरकस

तुम्हाला सिनेमा नकोय, माहितीपट हवाय. चाळीस मिनिटं गंजलेला बोल्ट दाखवला तर दहाचा पाना सोडून थिएटरात कोण बसेल?

आणि तीट लावलेल्या बायांनीही काम केलंच आहे. काइली मिनोग गायिका म्हणून गाजायच्या आधी 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेत शार्लीन होती, १९८६ पासून. मेकॅनिकचं काम शिकणारी, डांगरी घालणारी मुलगी. रोज संध्याकाळी घराघरांत ती दिसायची, कोणाला त्यात अचंबा वाटेनासा झाला. पूर्ण अचूक दाखवायच्या नादात दाखवायचंच राहून गेलं तर काय मिळवलं?

दहाचा पाना

मी बसेन थिएटरात, हे खरं आहे.

निळी शाई

तिरकस यांच्या बाजूने एक: 'पोर्को रोसो' (१९९२). मियाझाकींचा जपानी अ‍ॅनिमेशनपट. विमान दुरुस्तीला आणल्यावर डुकरतोंड्या वैमानिकाला कळतं की आराखडा काढणार सतरा वर्षांची फिओ, मालकाची नात. तो चक्क निघायला लागतो. पुरुष कामाच्या शोधात बाहेरगावी गेलेत म्हणून कारखान्यात सगळ्या घरच्या बाया, म्हाताऱ्या आज्यासुद्धा. फिओ रात्रभर ड्रॉइंग बोर्डावर बसलेली दिसते. मग लाकूड तासणं, जुळवणं, हिशोबाची घासाघीस. गंजलेला बोल्ट नाही, पण काम आहे, आणि बघायला कंटाळा येत नाही.

चिमटा

आता माझं शेवटचं, आणि हे रिकामटेकडींच्या विरोधात आहे. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मधली विन्री. मांगा (जपानी चित्रकथा) २००१ मध्ये सुरू झाला, लेखिका हिरोमू अराकावा. विन्री यांत्रिक हातपाय बनवते. बापाकडून नाही, आजीकडून शिकली. आईबाप दोघंही डॉक्टर. गोष्टीचा नायक एडवर्ड, त्याचा यांत्रिक हात तिने दुरुस्त करून दिला, तो निघून गेला, आणि मग तिला टेबलावर एक स्क्रू दिसतो. लावायचा राहिलेला. पुढे ऐन मारामारीत एडचा तो हात दगा देतो आणि तो बापडा आपल्याच डोक्यावर खापर फोडून घेतो. ती ओशाळून दुरुस्तीला येते.

रिकामटेकडी

हरले. हे मी विसरले होते, आणि माझ्या तिन्ही तक्रारींत जे मला नीट म्हणता येत नव्हतं ते हेच होतं. मला गंजलेला बोल्ट दाखवा असं नव्हतं म्हणायचं. मिकाएला, केली, मोना लिसा, कोणी चुकतच नाही. एकदा चुकली तर 'बघा, बाई ना' असं होईल याची लिहिणाऱ्याला भीती, म्हणून तिला पहिल्या फटक्यात बरोबरच यावं लागतं. विन्री स्क्रू विसरते आणि तरीही पुढचे सगळे भाग तीच त्याची मेकॅनिक राहते. त्याला दुसरी शोधावीशी वाटत नाही.

तिरकस, तीटवाल्या शार्लीनबद्दलही तुमचं बरोबर आहे. बापाच्या सहीवर मात्र मी ठाम.

तिरकस

सहीचं नंतर भांडू. पण विन्रीचं वाचून हसू आलं. उरलेला स्क्रू दहाचा पाना यांच्या टेबलावर कधी सापडलाय का, हे ऐकायला आवडेल.

दहाचा पाना

सापडलाय हो. पहिल्या वर्षी. गिअरबॉक्स बसवून झाला, गाडी खाली उतरवली, आणि ट्रेमध्ये एक वॉशर. मी कोणाला काही बोलले नाही. सगळे जेवायला गेल्यावर गाडी परत वर घेतली, गिअरबॉक्स परत उतरवला, प्रत्येक बोल्ट मोजला. सगळे वॉशर जागच्या जागी. पुन्हा बसवला. संध्याकाळी उस्तादांना घाबरत घाबरत तो वॉशर दाखवला तर म्हणाले, हा मागच्या आठवड्यातल्या गाडीचा, मीच टाकला होता त्या ट्रेमध्ये.

मागच्या आठवड्यातल्या त्या गाडीचं पुढे काय झालं, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.