मदत हवी आहे : दोनदा सर्व्हिसिंग करूनही एसीचा कुबट वास जात नाही

प्रश्नकर्ता

नमस्कार.

आमच्या झोपण्याच्या खोलीतील दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी चार वर्षांचा आहे. थंडावा उत्तम आहे, पाणी गळत नाही आणि आवाजही वाढलेला नाही. तक्रार एकच आहे, पण तिने गेले दोन महिने झोप बिघडवली आहे. एसी सुरू करताच पहिली पाच-सात मिनिटे नीट न वाळलेल्या कपड्यांना येतो तसा आंबूस, कुबट वास येतो. नंतर तो जवळजवळ नाहीसा होतो. रात्री खोली पुरेशी थंड होऊन कॉम्प्रेसर थांबला आणि आतला पंखा तेवढा फिरत राहिला, की तोच वास पुन्हा येतो आणि कॉम्प्रेसर चालू झाल्यावर मंदावतो.

आजवर केलेले उपाय असे. फिल्टर दर पंधरा दिवसांनी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो. टेक्निशियनला बोलावून दोनदा जेट पंपाने वेट सर्व्हिसिंग करून घेतले. पहिल्या वेळी आठ दिवस बरे गेले, दुसऱ्या वेळी पाचच. त्यानंतर बाजारातून कॉइल (आतली हवा थंड करणारी नळ्या-पत्र्यांची जुळणी) साफ करण्याचा फोम आणून मीच फवारला, त्याने तीन दिवस आराम पडला. शेवटी जाळीवर सुगंधी पाकीट अडकवले, तेव्हा दोन्ही वास एकत्र नांदू लागले आणि ते पाकीट मी काढून टाकले.

घरात दम्याचा त्रास असलेली व्यक्ती आहे. त्यामुळे उग्र रसायने वारंवार वापरायची नाहीत. परिचितांनी व्हिनेगर किंवा ब्लीच पाण्यात मिसळून फवारण्याचा सल्ला दिला आहे, तो योग्य आहे का? वासाचे मूळ नेमके कोठे असावे, आणि सर्व्हिसिंगनंतर तो इतक्या लवकर का परततो?

पहिला प्रतिसाद

गॅस गळत असावा असे वाटते. आमच्याकडे असाच प्रकार झाला होता.

दुसरा प्रतिसाद

वरील शंकेशी मी सहमत नाही. घरगुती एसीत वापरल्या जाणाऱ्या आर-३२ सारख्या वायूंना ओळखू येईल असा ठळक वास जवळजवळ नसतो. गळती झाल्यास थंडावा कमी होतो, कॉइलवर बर्फ साचतो किंवा नळीच्या जोडांवर तेलाचे डाग दिसतात. यांपैकी एकही लक्षण प्रश्नात नाही. मात्र आर-३२ हा मंद ज्वलनशील आणि काही एसींत असणारा आर-२९० (प्रोपेन) हा चांगलाच ज्वलनशील आहे, म्हणून यांपैकी एखादे लक्षण दिसल्यास एसी बंद करून जाणकाराला बोलवावे.

वासाचा प्रकार आधी ओळखावा, असे माझे मत आहे. जळक्या प्लास्टिकसारखा वास असेल तर वायरिंग किंवा मोटर तापत असते. तेव्हा वास कसा घालवावा याचा विचार न करता मुख्य स्विच बंद करावा. कुजल्यासारखा वास अचानक सुरू होऊन काही दिवसांत ओसरला, तर आत पाल किंवा उंदीर मेलेला असण्याची शक्यता असते. गटारासारखा वास येत असेल तर पाण्याचा पाइप सांडपाण्याच्या नळात थेट सोडला आहे का, हे तपासावे. तेथे पाण्याची अडवण, म्हणजे वळणदार ट्रॅप, नसेल किंवा एसी बरेच दिवस बंद राहून ट्रॅपमधले पाणी सुकले असेल, तर गटारातील हवा त्याच वाटेने वर येते. आपला वास मात्र निराळा आहे.

तिसरा प्रतिसाद

मी या व्यवसायात बरीच वर्षे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वास कधी येतो हे तुम्ही नेमके सांगितले आहे आणि उत्तर त्यातच आहे. खोलीचे तापमान २७ अंश आणि हवेतील आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, साधारण १८ ते १९ अंशांवर असतो. कॉइलचे तापमान त्याहून बरेच कमी असल्याने तिच्या पत्र्यांवर पाणी जमते आणि खालच्या ट्रेमध्ये उतरते. कॉम्प्रेसर थांबला की कॉइल पुन्हा कोमट होऊ लागते, पण पंखा चालूच असतो. पत्र्यांवर उरलेले पाणी तो वाफेच्या रूपाने परत खोलीत लोटतो आणि त्यासोबत तिथे वाढलेल्या बुरशीचा व जिवाणूंचा वासही येतो. कॉम्प्रेसर चालू झाल्यावर वास मंदावतो तो यामुळेच : तेव्हा कॉइल ओलावा सोडत नाही, ओढून घेते. म्हणजे वासाचे मूळ खोलीत किंवा पाइपच्या टोकाला नसून हवेच्या वाटेवर, ओल्या भागात आहे.

आता वास इतक्या लवकर का परततो ते पाहू. जेट पंपाचे पाणी बहुतेक वेळा कॉइलच्या दर्शनी बाजूवर मारले जाते. कॉइलच्या मागे लांब नळकांड्यासारखा ब्लोअर असतो आणि त्याच्या अरुंद पात्यांच्या आतल्या वळणात धूळ व ओल मिळून काळा, चिकट थर धरतो. तो समोरून दिसत नाही. एसी बंद करून, वीज तोडून, हवा बाहेर येते त्या झडपेतून टॉर्चचा प्रकाश टाका. पात्यांवर काळे ठिपके किंवा लोकरीसारखी धूळ दिसली तर माझा अंदाज बरोबर समजा. फोमने तीन दिवस आराम पडला, कारण त्याने कॉइल साफ झाली आणि ब्लोअर तसाच राहिला.

ब्लोअर काढून धुवायला सांगा. हे काम घरी करू नये, कारण पत्रे धारदार असतात आणि इलेक्ट्रॉनिक पट्टीत पाणी गेले तर खर्च मोठा येतो. ट्रेही घासून घ्यावा. ट्रेमध्ये बुळबुळीत थर असेल तर पाइपात तोच असतो, म्हणून पाइपातूनही पाणी जोराने सोडून पाहावे. पाइपचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असू नये, नाहीतर उतार असूनही पाणी अडते.

व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही टाळा. व्हिनेगरमध्ये अॅसेटिक आम्ल असते. अशा सेंद्रिय आम्लांमुळे तांब्याच्या नळ्यांना मुंग्यांच्या वारुळासारखी अतिसूक्ष्म भोके पडू शकतात आणि मग गॅस खरोखरच गळू लागतो. ब्लीचमुळे अॅल्युमिनियमचे पत्रे खराब होतात, आणि हे दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. दमा असलेल्या व्यक्तीच्या खोलीत हा प्रयोग अजिबात नको. ब्लोअर धुण्याच्या दिवशीही त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा.

एक विचारायचे राहिले. सकाळी एसी रिमोटने बंद करता की भिंतीवरच्या स्विचने?

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. टॉर्चने पाहिले, पाती अक्षरशः काळी आहेत. चार वर्षे आपण हीच हवा घेत होतो, हे पाहून बराच वेळ मला काही बोलताच आले नाही.

सकाळी मी थेट भिंतीवरचा स्विच बंद करतो. रिमोटने बंद केल्यावरही एसी दहा-पंधरा मिनिटे आतल्या आत घुमत राहतो. ती वीज वाया जाते असे समजून खरेदीपासूनच ही सवय लावून घेतली आहे.

तिसरा प्रतिसाद

मला हीच शंका होती. तो आवाज यंत्राच्या स्वतःला वाळवण्याच्या सोयीचा आहे. एसी बंद केल्यावर पंखा, आणि काही मॉडेलांत थोडी उष्णता देऊनही, कॉइल कोरडी करतो. तुम्ही रोज नेमक्या त्याच क्षणी त्याची वीज तोडत आहात. ओली कॉइल दिवसभर बंद अंधारात राहते आणि बुरशीला याहून सोयीची जागा मिळणार नाही. पंख्याला लागणारी वीज कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ असते. ज्यांच्या एसीत ही सोय नाही, त्यांनी बंद करण्यापूर्वी अर्धा तास फक्त पंख्याच्या मोडवर चालवावा.

दुसरा प्रतिसाद

याला एक पुस्ती जोडतो. खोलीतील आर्द्रताच फार असेल तर नुसत्या वाळवण्याने भागणार नाही. साधे आर्द्रतामापक आणून पाहावे. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर भिंतीत ओल आहे का आणि एसीमागे पाइपसाठी पाडलेले भोक नीट बुजवले आहे का, हे पाहावे. आमच्या घरी ते भोक अर्धे उघडे होते आणि बाहेरची दमट हवा रात्रभर तेथूनच येत होती.

प्रश्नकर्ता

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. ब्लोअर काढून धुतला. टेक्निशियनने आधी "एवढ्याची गरज नाही" म्हणून टाळाटाळ केली, पण बादलीतले पाणी शाईसारखे झाल्यावर तो काही बोलला नाही. ट्रेच्या एका कोपऱ्यात बोटभर गाळ होता, कारण एसी भिंतीवर किंचित उलट्या उतारात बसवलेला होता. तोही सरळ करून घेतला. आता रिमोटनेच बंद करतो आणि आवाज थांबल्याशिवाय स्विचला हात लावत नाही.

कॉम्प्रेसर थांबल्यावर येणारा वास पूर्ण गेला आहे. दोन-चार दिवस बाहेरगावी जाऊन आल्यावर मात्र पहिल्या मिनिटात अंधूकसा वास जाणवतो. मापकावर तेव्हा ६८ टक्के दिसले. पाइपमागचे भोक तपासले, तर त्यातली भरणी सुकून निम्मी गळून पडली होती. ते या रविवारी बुजवतो आहे.