चुनखडीची जमीन, बोअरचं खारं पाणी : द्राक्षाला खुंट कोणता?

नमस्कार मंडळी. तुळजापूर तालुक्यात सोयाबीनच्या दोन एकरांत द्राक्ष लावायचं ठरलंय. वरची माती मध्यम काळी, दीड फुटाखाली पांढरी चुनखड. अहवालात सामू ८.३, मुक्त चुना १४ टक्के. शेततळं आहे, पण उन्हाळ्यात तळ दिसतो, मग बोअरच. त्या पाण्याचा ईसी (क्षारांचं माप) १.७, सोडियमही बराच.

खुंट म्हणून, म्हणजे ज्याच्या मुळांवर आपला वाण कलम करतात तो वेल म्हणून, रोपवाटिकावाले डोळे झाकून डॉगरिज घ्या म्हणतात. आजूबाजूला सगळीकडं तोच आहे, हे खरं. पण त्याच बागांत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (द्राक्षं उतरल्यावरची छाटणी) कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या बागांत पानांच्या कडा जळतात. पहिली लोहाची कमतरता, दुसरं पालाश कमी अन् सोडियम जास्त, असा माझा अंदाज. दरवर्षी खतं ओतून हे निस्तरण्यापेक्षा खुंटच बदलला तर? ११० आर किंवा ११०३ पॉल्सन आपल्या भागात कुणी लावलाय का? वाण माणिक चमन, त्यावर वाद नको. (वडिलांना सोनाका हवं होतं, ते प्रकरण घरात मिटलंय.)

आणि खुंट लावून ऑगस्ट-सप्टेंबरात शेतातच पाचर कलम करावं, की तयार कलमं आणावीत?

प्रतिसाद, जालना :
दादा, नुसत्या ईसीवरून ठरवू नका. पाण्याचं क्लोराइड, एसएआर (सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी प्रमाण), आरएससी (शिल्लक सोडियम कार्बोनेट) यांचे आकडे इथं टाका. डॉगरिज क्षार सोसतो, जोरही जबर. पण पालाश कमी उचलतो, अन् वेल फार माजला की काडीत घड कमी धरतात. ११० आरवर घडनिर्मिती चांगली, पाण्याचा ताणही काढतो. चुना आणि क्षार दोन्ही असतील तर माझं मत ११०३. सोडियमसाठी जिप्सम टाकायला कुणी सांगेल, पण चुनखडीत कॅल्शियम आधीच भरपूर. तिथं गंधक वापरा. कलम शेतातच करा, मुळं बसलेल्या खुंटावर फूट जोमानं येते. कारागीर मात्र आत्ताच सांगून ठेवा, ऐन हंगामात कुणी फोन उचलत नाही.

धागाकर्ता :
एसएआर आहे, क्लोराइड तपासून टाकतो. चर खोदताना चुनखड वर आली तर परत भरायची का?

प्रतिसाद, जालना :
अजिबात नको, बांधावर टाका. चरात वरची काळी माती अन् कुजलेलं शेणखत.