ज्युरीचे बोलावणे, पगार आणि पाळणाघर

अमेरिकेत ज्युरीचे (म्हणजे खटल्याचा निवाडा करणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याचे) बोलावणे आले की पगार बुडतोच, असे काहींचे मत असते; पण ते सगळ्या राज्यांना लागू नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या तीन दिवसांचा नेहमीचा पगार मालकालाच द्यावा लागतो आणि चौथ्या दिवसापासून राज्य सरकार रोज ५० डॉलर देते (बॉस्टनच्या महागाईत ते किती पुरतात, हा भाग वेगळा). खरी अडचण घरची असते. नागरिकत्वानंतरचे माझे पहिले समन्स नेमके पाळणाघराच्या सुट्टीच्या आठवड्यात आले. परंतु तारीख एकदा वर्षभराच्या आत पुढे ढकलून नवी तारीख आपणच निवडता येत असल्याने, आई पुण्याहून आल्यानंतरचा दिवस मी घेतला. तिने दिलेला पोळीभाजीचा डबा मात्र घरी येऊनच खाल्ला, कारण अकरालाच सोडले आणि ‘एक दिवस किंवा एक खटला’ (त्या दिवशी खटल्यासाठी निवड झाली नाही, तर सेवा पूर्ण) या नियमामुळे तेवढ्यावर काम संपले.