अँडीजच्या पठारावर एकट्याने: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, पेरू-बोलिव्हियात एकट्याने भटकून आलेल्यांसाठी हा धागा. माचू पिचूचे फोटो खूप पाहिले, ते नकोत. एकटं असल्यामुळे काय अडलं, काय सोपं गेलं, तेवढं लिहा. सुरुवात मीच करते.

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी. तिथून विमानाने जेमतेम सव्वा तासात कुस्को, ३,४०० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! एकदम उंचीवर राहून त्रास नको म्हणून मी विमानतळावरून थेट खाली ओयांतायतांबोला गेले (२,८०० मीटर), मग माचू पिचू (२,४३०) आणि कुस्को शेवटी. तरी कुस्कोच्या दगडी पायऱ्या चढताना धाप लागलीच, पण डोकं शाबूत राहिलं.
– सांगलीची

डोकं शाबूत राहणं हाच तर मुद्दा! मी लिमाहून बोलिव्हियातल्या ला पाझला गेलो. तिथला विमानतळ एल आल्तोला, ४,००० मीटरच्या वर. पहिली रात्र डोकेदुखीत गेली, ते चालायचंच. पण उंचीचा त्रास वाढला की माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. सोबत कुणी असलं तर ते ओळखतं, एकट्याचं कोण ओळखणार? म्हणून हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मावशींना मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगून ठेवलं, नाश्त्याला दिसलो नाही तर दार वाजवा. सकाळी मी जिन्यातच होतो तोवर त्या कोकाचा चहा घेऊन वर येताना दिसल्या. कपात अख्खी पानं तरंगत होती, चव ग्रीन टीसारखी, किंचित कडवट. बरं वाटतं, पण ते औषध नव्हे. त्रास वाढत चालला तर खाली उतरणं हाच उपाय. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि कोकाची पानं आठवण म्हणून बॅगेत भरू नका, भारतात गुन्हा आहे.
– ठाणेकर

शाकाहाऱ्यांचं काय, हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तरी सूपमध्ये कोंबडी निघू शकते, कारण बऱ्याच जणांच्या लेखी कोंबडी मांसात मोजतच नाहीत. 'सिन पोयो' (कोंबडीशिवाय) वेगळं सांगा. टिटिकाका सरोवरातल्या (३,८१२ मीटर) आमान्तानी बेटावर मात्र चंगळ झाली: किन्वाचं सूप, उकडलेले बटाटे, तळलेलं चीज. पाहुण्यांना तिथल्या कुटुंबांतच राहायला मिळतं. जेवताना काकूंनी समोर चुन्यो ठेवला, काळपट, हलका, सुरकुतलेला बटाटा. रात्री थंडीत गोठवायचा, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचा, मग वर्षानुवर्षं टिकतो. वाळवणं घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे दाखवायला हवं होतं! एकट्या बाईला सगळ्या प्रवासात सगळ्यात निर्धास्त मला त्या घरात वाटलं.
– नागपूरकरीण

बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराला एकटे जाणार असाल तर जीप वाटून घ्यावी लागते, एजन्सीवाले एका गाडीत सहसा पाच-सहा जण बसवतात. पैसे देण्याआधी बरोबरच्यांना भेटून घ्या, कारण पुढे मुक्काम, जेवण, थंडी सगळं त्यांच्याबरोबरच. सोल दे मान्यानाच्या गरम वाफांपाशी पहाटे नेतात, उंची ४,८०० मीटरच्या वर. तिथं मला भोवळ आली तेव्हा शेजारच्या सीटवरच्या पोरानं ड्रायव्हरला थांबवलं. त्या पोराला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, ठाणेकरांनी मावशींना सांगितलं तसंच.
– कोल्हापुरी

इन्का ट्रेल (माचू पिचूपर्यंतची जुनी पायवाट) एकट्याने करता येईल का? गाइडशिवाय?
– नवा भिडू

नाही. परवानाधारक एजन्सीबरोबरच जावं लागतं, दिवसाला पोर्टर धरून ५०० माणसं सोडतात, म्हणून महिने आधी बुकिंग करा. फेब्रुवारीत तो बंद असतो. एकट्यानेच चालायचं असेल तर साल्कान्तायची दुसरी पायवाट बघा, पण खिंड ४,६०० मीटरवर आहे, आधी कुस्कोत चार दिवस काढा.
– सांगलीची